बोरघाटातला हिशेब

बोरी म्हटलं की मुंबईकडच्या लोकांना बोरीबंदर आठवतं. आमची बोरी ती नव्हे. आमची बोरी परभणी जिल्ह्यातली, जिंतूर तालुक्यातली. इथून समुद्र शेकडो मैल लांब. पण आज जे लिहायचंय ते बोरीबंदराहून निघतं, बोरघाट चढतं आणि मग आमच्या बोरीत येतं. नावांचा हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो गमतीचा वाटला म्हणून आधीच सांगून टाकते.

१६ एप्रिल १८५३ ही तारीख आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बोरीबंदर ते ठाणे, भारतातली पहिली प्रवासी आगगाडी. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चारशे पाहुणे, तोफांची सलामी. शाळेत इतिहास शिकवताना हे सगळं सांगायला मला फार आवडायचं. मुलांचे डोळे मोठे व्हायचे. पण तो रस्ता बांधला कुणी, असं विचारलं तर पाठ्यपुस्तक म्हणणार, 'इंग्रजांनी'. इंग्रजांनी म्हणजे नक्की कुणी? ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीनं ते काम फेव्हिएल आणि फाउलर या जोडीला कंत्राटानं दिलं होतं. आमच्या मराठवाड्यातल्या भाषेत सांगायचं तर ते गुत्तेदार होते.

'गुत्तेदार' हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित नवा असेल. तिकडे ठेकेदार किंवा कंत्राटदार म्हणतात. आमच्याकडे निजामाच्या राजवटीपासून गुत्ता हाच शब्द. दारूचा गुत्ता, रस्त्याचा गुत्ता, घराचा गुत्ता. ठरलेल्या रकमेत काम अंगावर घ्यायचं, माणसं आपली लावायची, आणि जे उरेल ते आपलं. या 'उरेल ते आपलं' मध्येच बांधकामाची बहुतेक भांडणं दडलेली असतात. उरावं म्हणून कुठेतरी वाचवायचं असतं. ते चुन्यात वाचवायचं, दगडात वाचवायचं की मजुरीत, एवढाच प्रश्न.

आता कंपनीचा व्यवहार बघा. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीनं या रेल्वे कंपनीशी करार केला. इंग्लंडमधल्या भागधारकांनी पैसे घालायचे आणि त्यांना पाच टक्के व्याजाची हमी सरकारनं द्यायची. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून भरून द्यायचा. म्हणजे खर्च वाढला तरी भागधारकाला झोप न लागण्याचं कारण नव्हतं. ज्याचे पैसे जाणार होते तो शेतकरी या करारात कुठेच नव्हता. घरमालक, गुत्तेदार आणि मजूर हे तिघं आपल्याला माहीत असतात. इथे चौथाही होता, बिल भरणारा, आणि त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

ठाण्यापर्यंतचा सपाट रस्ता झाला, पुढे कल्याण झालं, १८५६ साली गाडी घाटाच्या पायथ्याशी पळसदरीला पोचली. वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे हा रस्ता जून १८५८ मध्ये सुरू झाला. मध्ये राहिला तो बोरघाट. प्रवासी खाली उतरायचे, पालखीत किंवा घोड्यावर घाट चढायचे आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचे. घाटातला लोहमार्ग जवळजवळ सोळा मैलांचा, चढ १,८३१ फूट, त्यात पंचवीस बोगदे आणि आठ मोठे दगडी पूल. सगळा काळा कातळ. सुरुंगाची भोकं हातानं पाडायची, काही ठिकाणी कड्यावरून दोरानं माणूस खाली सोडून. पावसाळ्याचे चार महिने काम जवळपास बंद. म्हणजे जे काही करायचं ते आठ महिन्यांत, घाईघाईनं.

हे काम मिळालं फेव्हिएललाच. मुंबई-ठाणे रस्ता वेळेत करून दाखवला होता, त्यामुळे नाव झालेलं. जानेवारी १८५६ मध्ये घाटात काम सुरू झालं. कंपनीकडून देखरेख करणारे मुख्य अभियंते होते जेम्स बर्कली.

पैसा वरून खाली कसा यायचा तेही समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. कंपनीचा अभियंता झालेलं काम मोजणार. मोजमाप मान्य झालं की कंपनी फेव्हिएलला पैसे देणार. फेव्हिएलची गोरी माणसं छोट्या पोटगुत्तेदारांना देणार. पोटगुत्तेदार मुकादमांना देणार. आणि मुकादम टोळीतल्या वडारांना, गवंड्यांना, बिगाऱ्यांना देणार. यात वर एखाद्या ठिकाणी पाणी अडलं की शेवटच्या वाफ्याला ते पोचत नाही. पाटाचं पाणी ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. शेवटच्या वाफ्याचा मालक बिचारा बघत बसतो आणि वरच्या दोघांचं भांडण चालूच राहतं.

बोरघाटात तेच झालं. फेव्हिएलच्या दगडकामाच्या दर्जावरून कंपनीचे अभियंते आणि तो यांच्यात खटके उडू लागले. दर्शनी दगड घडीव, दिसायला देखणा. पण दोन्ही अंगांच्या मधल्या पोटात डबर नीट न बसवता भरलेला आणि चुना कच्चा, हा त्या काळच्या पुलांचा ठरलेला रोग. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. आपल्याकडेही गिलावा झाला की आतली वीट कशी आहे ते कोण बघतं?

वर ही कुरबुर चालू असताना खाली मजुरी थकत होती. जानेवारी १८५९ मध्ये घाटातल्या मजुरांचा संयम सुटला. ते गोऱ्या देखरेखदारांवर धावून गेले आणि मोठा दंगा झाला. १८५७ चा उठाव नुकताच शमला होता, त्यामुळे काळ्या माणसानं गोऱ्यावर हात उचलला या बातमीनंच सरकार हादरलं असणार. पण चौकशीत बंडाबिंडाचं काही निघालं नाही. मूळ कारण साधं होतं, थकलेले पैसे. त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च १८५९ मध्ये, फेव्हिएलनं कंत्राट सोडलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. दगडकाम कच्चं होतं, हा बर्कलीचा आक्षेप योग्यच होता. पुलावरून माणसांनी भरलेल्या गाड्या जाणार होत्या. खराब कामाचे पैसे का द्यायचे? कुठलाही शहाणा मालक देणार नाही. पण कच्च्या चुन्याचा निर्णय डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईनं घेतला नव्हता. तिनं पाटी वाहिली होती. पाटीत काय भरलं होतं हे ठरवणारा वेगळा. कामाच्या दर्जाचं भांडण आणि मजुरीचं भांडण ही दोन वेगळी भांडणं आहेत, आणि ती एकाच गाठोड्यात बांधली की सगळ्यात खालच्याचा जीव जातो, असं मला हा इतिहास वाचताना सारखं वाटत राहिलं.

सरकारनं यातून काय धडा घेतला? कायदे केले. त्यांची गंमत बघण्यासारखी आहे. १८५९ च्या तेराव्या कायद्यानं, उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला आणि मजुराला तुरुंगात टाकता येऊ लागलं. हा कायदा बोरघाटासाठी केलेला नव्हता. मोठ्या शहरांतल्या मालकांची उचल बुडते या तक्रारीवरून आला होता. मग १८६० चा नववा कायदा आला. तो मात्र रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठीच होता. असे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट निकाली काढायचे. मजुराला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत ही त्यातली चांगली बाजू. पण त्यातही काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला कैद होतीच. मालकानं मजुरी बुडवली तर ती वसूल करायची, आणि मजुरानं काम बुडवलं तर त्याला आत टाकायचं! एकाचं देणं आणि दुसऱ्याचा गुन्हा. पहिला कायदा १९२५ साली रद्द करायचं ठरलं आणि दुसरा १९३२ साली गेला. म्हणजे माझ्या आजोबांच्या तरुणपणी ते दोन्ही जिवंत होते. आमच्याकडे निजामाचं राज्य, त्यामुळे इथली तऱ्हा वेगळी, पण उचलीचा फास काही वेगळा नव्हता. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या भागातल्या जोडप्यांना उचल म्हणजे काय ते विचारा.

पुन्हा घाटाकडे येऊ. फेव्हिएल गेल्यावर काही महिने कंपनीनंच काम चालवलं. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार आला. १८५९ च्या अखेरीस आला, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. बरोबर बायको होती, ॲलिस. परका देश, नवरा गेलेला, अंगावर हे प्रचंड कंत्राट. ती बोट पकडून परत गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण तिनं कंत्राट सोडलं नाही. घाटात आधीपासून काम केलेले ॲडमसन आणि क्लाउजर हे दोन जाणकार तिनं व्यवस्थापक म्हणून नेमले आणि काम पुढे नेलं. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४२,००० माणसं कामाला होती.  पटकीच्या साथीत त्यांतली किती माणसं गेली याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही. पुलाच्या दगडांची मोजमापं मात्र फुटाफुटानं लिहिलेली आहेत.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचं उद्घाटन झालं. बर्कली तो दिवस पाहायला नव्हते. आदल्याच वर्षी ते इंग्लंडमध्ये वारले होते. घाटाचा एकूण खर्च सुमारे अकरा लाख पौंड झाला.

झालं, गोष्ट संपली असं वाटतं ना? नाही संपली. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, घाटातला 'मऊ की मळी' नावाचा दगडी कमानींचा उंच पूल कोसळला. चार वर्षं गाड्या त्यावरून गेल्या होत्या. मग कंपनीच्या इतर पुलांची तपासणी झाली आणि कच्च्या दगडकामाचे कितीतरी नमुने सापडले. ठिकठिकाणी पूल पाडून किंवा दुरुस्त करून परत बांधावे लागले. बर्कलीच्या माणसांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं तेच सगळीकडे पसरलेलं निघालं. तोवर फेव्हिएल कुठे होता? तिकडे सिलोनमध्ये कोलंबो ते कँडी हा रेल्वेरस्ता बांधत होता. तो रस्ता १८६७ सालीच पुरा झाला. गुत्तेदार एका गावाहून दुसऱ्या गावी गेला की मागच्या गावचा पूल त्याच्या अंगावर पडत नाही, हे खरं.

आणि या दुरुस्त्यांचा खर्च कुणी सोसला? कंपनीचा खर्च वाढला की भांडवल वाढणार, भांडवल वाढलं की हमीचं पाच टक्के व्याज वाढणार, आणि तूट पडली की ती हिंदुस्थानच्या महसुलातून. पुलाच्या पोटात एक पाटी चुना कमी पडला, त्याचा भुर्दंड ज्यानं आगगाडी कधी पाहिलीही नसेल अशा शेतकऱ्याला.

सगळेच गुत्तेदार असे होते असं मात्र म्हणता येत नाही. याच कंपनीची कामं जमशेटजी दोराबजी नायगामवाला या पारशी गृहस्थांनी घेतली आणि नीट पार पाडली. त्यांना मुंबई सोडून कुठे जायचं नव्हतं. काम वाईट झालं तर नाव इथेच खराब होणार आणि पुढचं काम इथेच मागायचं. मला वाटतं, चांगल्या कामाचं हे एक मोठं कारण असतं. दुसरं उदाहरण आपल्या जोतीराव फुल्यांचं. त्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतली होती, दगड-चुना पुरवला होता. त्यामुळे सरकारी बांधकाम खात्यात पैसे कसे आणि कुठे मुरतात हे त्यांनी आतून पाहिलं होतं आणि त्यावर सडकून लिहिलंही. महात्मा म्हणून आपण त्यांची पूजा करतो, पण ते हिशेबाचे किती पक्के होते हे फारसं सांगत नाही. मला तर वाटतं, रयतेच्या बाजूनं उभं राहायला मनाच्या कळवळ्याइतकीच हिशेबाची वही लागते.

जुन्या गावगाड्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटत असे. सुतार, लोहार बलुतेदार. गवंडीही बहुधा पंचक्रोशीतलाच. त्यानं घातलेलं माळवद गळलं तर पहिल्याच पावसात घरधनीण त्याला हाक मारून दाखवणार. पाणवठ्यावर, पारावर, लग्नात सगळीकडे तोच माणूस भेटणार. लाज हीच त्याची अनामत. तो काळ फार चांगला होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. बलुत्यात जातीची उतरंड होती आणि कारागिराला धान्यासाठी खळ्यावर हात पसरावा लागे. पण बांधणारा आणि राहणारा एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होते, एवढं खरं. गुत्ता आला आणि ती नजर तुटली. तिच्या जागी कागद आला. कागद नीट नसेल तर काहीच उरत नाही.

आता आमच्या बोरीत येते. गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं इथे घर बांधलं. सिमेंट, लोखंड, वाळू घरची आणि मजुरीचं काम चौरस फुटाच्या दरानं एका गुत्तेदाराला दिलेलं. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतीला तडा गेलाच म्हणून समजा. पाया पुतण्यानं स्वतः उभं राहून खोल घेतला. पण स्लॅब पडला ऐन मे महिन्यात. त्याला निदान दोन आठवडे तरी पाणी धरून ठेवायला हवं. टँकरचं पाणी, गुत्तेदाराची माणसं दुसऱ्या कामावर गेलेली, पाणी मारलं गेलं ते चार-पाच दिवस. मृगात काही कळलं नाही. आर्द्राचा पाऊस लागला आणि दोन खोल्यांत टपटप सुरू झाली.

पुतण्या म्हणाला, "काकू, शेवटचा हप्ता देतच नसतो." ऐंशी हजार रुपये राहिले होते. गुत्तेदार म्हणाला, वाळू तुमची, तिच्यात मातीच होती, माझा काय दोष? दोघंही ताठ. महिना गेला. एका संध्याकाळी तांड्यावरचं एक जोडपं आणि आणखी दोघं जण दारात येऊन उभे राहिले. गुत्तेदारानं त्यांना सांगितलं होतं, मालकानं पैसे अडवलेत, त्यालाच जाऊन मागा. त्यांची सगळ्यांची मिळून एकवीस हजार मजुरी थकली होती. ती बाई म्हणाली, "काकू, आमी तर रोज आलो. हजेरी बगा."

पुतण्याचं म्हणणं कायद्यानं चूक नव्हतं. त्याचा करार गुत्तेदाराशी, मजुरांशी नाही. मी त्याला बोरघाटाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काकू, तुमचं काय, इतिहासच निघतो प्रत्येक गोष्टीत." पण ऐकलं त्यानं. गावातले एक निवृत्त ओव्हरसीअर आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी स्लॅबवर बांध घालून पाणी साठवलं आणि दुसऱ्या दिवशी खालून खडूनं ओलीच्या खुणा केल्या. दुरुस्तीला किती लागेल ते कागदावर लिहून दिलं. मग गुत्तेदाराला बोलावून, हजेरीची वही समोर ठेवून, एकवीस हजार मजुरांच्या हातात दिले, त्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि ती रक्कम गुत्तेदाराच्या हिशेबातून वजा केली. बाकीच्यातून दुरुस्तीचा खर्च बाजूला ठेवला आणि ठरलं की, दुरुस्ती करून एक मोठा पाऊस गेल्यावर उरलेला हिशेब पुरा करायचा. गुत्तेदार कुरकुरला, पण मजुरांसमोर त्याला नाही म्हणता येईना. दुरुस्ती त्यानं केली. एका खोलीचा कोपरा अजून ओल धरतो. त्यापोटी थोडे पैसे कापून हिशेब मिटला. अगदी मनासारखं झालं असं नाही, पण कुणी कुणाचं तोंड बघायचं सोडलं नाही.

आम्ही केलं ते काही जगावेगळं नव्हतं हे मला नंतर कळलं. १९७० च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्यात हेच तत्त्व होतं: ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं ती द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. तो कायदा मोठ्या आस्थापनांसाठी होता, चार खोल्यांच्या घरासाठी नाही. नव्या कामगार संहितेतही हे तत्त्व ठेवलेलं आहे. बोरघाटातल्या दंग्यानंतर एकशे दहा वर्षांनी का होईना, कायद्याला शेवटचा वाफा दिसला म्हणायचा.

घरमालकाच्या बाजूनंही कायदा हळूहळू पुढे आला. १८७२ च्या करार कायद्याचं ७३ वं कलम सांगतं की करार मोडल्यानं जे नुकसान झालं त्याची भरपाई मिळते. नुकसान झालं त्याची, रागाची नाही! दहा हजारांच्या गळतीसाठी लाखभर अडवून बसणं त्यात बसत नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घर बांधून देणं हीसुद्धा सेवा आहे आणि त्यातली कसूर ग्राहक न्यायालयात नेता येते. त्या जागी आता २०१९ चा नवा कायदा आहे आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे करता येते. शहरातल्या फ्लॅटवाल्यांसाठी २०१७ पासून महारेरा आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला तर बिल्डरनं तीस दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं त्या कायद्याचं चौदावं कलम म्हणतं. पुण्यातल्या आमच्या भाचीनं हे लक्षात ठेवावं! गावात स्वतःच्या जागेवर मिस्त्री लावून बांधणाऱ्याला मात्र महारेरा नाही. त्याला ग्राहक आयोग, दिवाणी कोर्ट आणि आधी करून ठेवलेला कागद.

त्या कागदाविषयी दोन शब्द लिहिते, कारण नात्यातल्या दोघा-तिघांची घरं सध्या चालू आहेत. हप्ते तारखेवर नाही, कामाच्या टप्प्यावर ठरवा. जोतं, लिंटल, स्लॅब, गिलावा. घरकुलाचे हप्ते सरकार असेच देतं आणि त्यात शहाणपण आहे. सिमेंटचं प्रमाण, स्लॅबला किती दिवस पाणी आणि ते कुणी मारायचं, हे लिहा. थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवायची हे पहिल्या दिवशीच बोला, शेवटच्या दिवशी नाही. आधी ठरलेली ती अनामत, नंतर अडवलेलं ते भांडण. आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजुरांना पैसे पोचले का, हे स्वतः विचारा. गुत्तेदाराला राग आला तरी विचारा.

मुंबई-पुणे गाडीनं जाताना खंडाळ्याच्या आसपास सगळे जण खिडकीशी गर्दी करतात. धबधबे, धुकं, दरी, हिरवळ. बोगद्यात गाडी शिरली की पोरं आरडाओरडा करतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी कातळावर छिन्नीचे घाव दिसतात का ते बघा. ते घाव घालणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. त्यांतल्या कित्येकांना मजुरीसाठी दगड हातात घ्यावा लागला, कारण वर दोन मोठी माणसं चुन्यावरून भांडत होती.

तुमच्या घराच्या बांधकामाचे असे काही अनुभव असतील तर जरूर लिहा. पैसे अडवल्याचेही लिहा आणि दिल्याचेही.